संकेतस्थळांचे राखणदार : त्यांचे इशारे आणि त्यांच्या चुका

शेतकरी आणि शासन, तसेच शेतकरी आणि बाजारपेठ यांच्यामधील व्यवहाराचा बराच मोठा भाग आता संकेतस्थळांच्या मार्गाने होऊ लागला आहे. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, ठिबक संचासाठी अनुदानाची मागणी, हवामानाचा अंदाज, बाजार समितीतील भाव या सर्व गोष्टी मोबाईलच्या पडद्यावर मिळू शकतात. अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था आपला आंबा, गूळ, बेदाणा किंवा हळद स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकास विकू लागल्या आहेत. या नव्या वाटेवर एक राखणदार अहोरात्र बसलेला असतो. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी यांसारख्या ज्या साधनांतून संकेतस्थळे पाहिली जातात, त्यांना ब्राउझर असे म्हणतात. आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये धोकादायक संकेतस्थळे वेगळी काढणारी एक चाळणी बसविलेली असते. हाच तो राखणदार होय.

हा राखणदार पुष्कळ वेळा चोरास अडवितो. परंतु काही वेळा घरच्याच माणसावर काठी उगारतो. पीकविम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस असावा, अर्ज भरण्यासाठी संकेतस्थळ उघडावे आणि समोर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ अशा अर्थाचा मजकूर यावा, हा अनुभव खेडोपाडी अपरिचित नाही. अशा वेळी काय करावे याची नीट माहिती नसल्यामुळे कोणी अर्ज भरण्याचेच सोडून देतो, तर कोणी इशारा बाजूला सारून डोळे मिटून पुढे जातो. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. म्हणून ही चाळणी कशी चालते, ती का चुकते व चुकली असता कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चाळणीची आवश्यकता

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, चाळणी निष्कारण बसविलेली नाही. सौर कृषिपंपांच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने अनेक बनावट संकेतस्थळे निघाली आणि नोंदणी शुल्काच्या मिषाने शेतकऱ्यांकडून पैसे उकळले गेले. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास याबाबत वेळोवेळी जाहीर सूचना काढाव्या लागल्या आहेत. पीएम-किसान योजनेचे नाव धारण केलेल्या बनावट फाइली व्हॉट्सअॅपवरून पाठविण्याचा प्रकारही सर्वज्ञात आहे. अशी फाइल मोबाईलमध्ये बसविली की, बँकेचे संदेश व ओटीपी परक्या हाती जातात आणि खात्यातील रक्कम पाहता पाहता नाहीशी होते. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न एकाच हंगामात खात्यावर जमा होते, त्याच्या बाबतीत ही हानी किती भयंकर आहे हे सांगावयास नको. तेव्हा चाळणी नसावी असे म्हणणे म्हणजे कुंपण काढून टाकण्यासारखे होईल.

चाळणी कशी चालते

ब्राउझरमध्ये मुख्यतः दोन प्रकारची तपासणी होते. पहिली तपासणी यादीची. फसवणूक करणाऱ्या व घातक फाइली पसरविणाऱ्या संकेतस्थळांची एक मोठी यादी सतत तयार होत असते. गूगल कंपनीची ‘सेफ ब्राउझिंग’ ही यादी क्रोमबरोबरच फायरफॉक्स व सफारी या ब्राउझरांतही वापरली जाते; मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘स्मार्टस्क्रीन’ ही स्वतंत्र व्यवस्था आहे. यादीतील प्रत्येक पत्त्याचा एक गणिती ठसा काढलेला असतो. आपण एखादा पत्ता उघडला की, त्याचा ठसा यादीतील ठशांशी ताडून पाहिला जातो व तो जुळल्यास संपूर्ण पडदा व्यापणारा लाल इशारा पुढे येतो.

दुसरी तपासणी प्रमाणपत्राची. बहुतेक संकेतस्थळांनी आपल्या नावाचे एक डिजिटल प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेले असते. त्याची तुलना प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळ्या टॅगशी करता येईल. टॅगवर जशी वैधतेची तारीख असते, तशीच ती या प्रमाणपत्रावरही असते. मुदत उलटलेल्या टॅगमुळे बियाणे निर्जीव झाले असे सिद्ध होत नाही. मात्र त्याची हमी घेण्यास कोणी उभे नाही, एवढे निश्चित होते. प्रमाणपत्राची मुदत संपली, ते दुसऱ्याच नावाचे निघाले किंवा ते देणारी संस्था ब्राउझरच्या ओळखीची नसली, तर ब्राउझर इशारा देतो. जुलै २०१८ पासून क्रोमने प्रमाणपत्र नसलेल्या सर्व जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांपुढे ‘सुरक्षित नाही’ अशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला.

येथे एक भेद मनात पक्का ठेवावा. प्रमाणपत्र असणे म्हणजे मालक प्रामाणिक असणे नव्हे. आपल्या व संकेतस्थळाच्या दरम्यान चाललेले बोलणे तिऱ्हाइताच्या कानी पडत नाही, एवढेच त्यावरून कळते. ठकही असे प्रमाणपत्र मिळवू शकतो. पत्त्याच्या शेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरून लोक चुकीचा विश्वास ठेवू लागले, म्हणूनच २०२३ साली क्रोमने ते चिन्ह तेथून काढून टाकले.

चाळणी का चुकते

धान्याच्या चाळणीची भोके बारीक केली तर खड्याबरोबर चांगले टपोरे दाणेही वर अडकतात. मोठी केली तर दाण्यांबरोबर खडेही खाली पडतात. ब्राउझरच्या चाळणीलाही हाच न्याय लागू आहे. एका साध्या हिशोबाने हे स्पष्ट होईल. समजा, १ लाख संकेतस्थळांपैकी १०० लबाड व ९९,९०० सचोटीची आहेत. चाळणी १०० पैकी ९९ लबाड स्थळे पकडते आणि सचोटीच्या दर हजार स्थळांत केवळ एकाच्या बाबतीत चुकते. चाळणी उत्तमच म्हटली पाहिजे. तरीही ती जी सुमारे २०० स्थळे अडवील, त्यांतील जवळजवळ १०० निरपराध असतील! सज्जनांची संख्या मोठी असल्यामुळे अल्पशी चूकही पुष्कळांना भोवते, असा याचा अर्थ.

याखेरीज माणसांच्या हातून होणाऱ्या चुका आहेतच. शनिवार, दिनांक ३१ जानेवारी २००९ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री आठच्या सुमारास, गूगलच्या शोधयंत्राने जगातील जवळजवळ सर्व संकेतस्थळांपुढे ‘हे स्थळ आपल्या संगणकास अपाय करू शकेल’ असा इशारा दाखविण्यास सुरुवात केली. धोकादायक पत्त्यांच्या यादीत एका कर्मचाऱ्याकडून केवळ एक तिरकी रेघ स्वतंत्र नोंद म्हणून पडली होती; आणि ही रेघ तर प्रत्येक पत्त्यात असतेच! सुमारे ४० मिनिटे हा गोंधळ चालला.

कधी कधी सुक्याबरोबर ओलेही जळते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकांनी त्या विभागाची मध्यवर्ती अधिकार-प्रमाणपत्रे तत्काळ रद्द केली. ही कारवाई आवश्यक होती. परंतु त्याच अधिकारावर दिली गेलेली निर्दोष प्रमाणपत्रेही त्याबरोबर निरुपयोगी झाली. पुढे ३० सप्टेंबर २०२१ रोजी आणखी एक प्रसंग घडला. विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधारभूत असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी मुदतीने बाद झाले. ज्या जुन्या संगणकांपर्यंत नव्या मूळ प्रमाणपत्राची नोंद पोहोचली नव्हती, त्यांवर अनेक चांगली संकेतस्थळे एका रात्रीत असुरक्षित दिसू लागली. संकेतस्थळे होती तशीच होती. जुने झाले होते ते पाहण्याचे साधन.

खेड्यात आढळणारी कारणे याहून साधी आहेत. बॅटरी पूर्णपणे उतरल्यामुळे किंवा जुनी झाल्यामुळे मोबाईलची अथवा संगणकाची तारीख मागे जाते. साधनाला वाटते की आज दहा वर्षांपूर्वीचा दिवस आहे, आणि त्याच्या दृष्टीने सर्वच प्रमाणपत्रे अजून सुरू व्हावयाची असतात. काही ठिकाणी सार्वजनिक वाय-फाय आधी आपले प्रवेशपान दाखविण्यासाठी मधेच आडवे येते व त्यामुळेही इशारा दिसतो. अनेक संस्थांची पाने एकाच सामाईक नावाखाली असतील, तर एका लबाड शेजाऱ्यामुळे साऱ्या आळीवर ठपका येतो. नव्याने निघालेल्या संकेतस्थळाला किंवा फाइलीला कोणतीच पत नसते, म्हणूनही तिच्याकडे संशयाने पाहिले जाते.

दोन घातक सवयी

चुकीच्या इशाऱ्याने होणारे प्रत्यक्ष नुकसान लहान नाही. कोकणातील एखाद्या उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ एप्रिल-मे महिन्यांत चार दिवस जरी लाल पडद्याआड गेले, तरी मुंबई-पुण्याचा ग्राहक तेथूनच परत फिरतो. तो तक्रार करीत नाही, कारणही विचारीत नाही. दुसरीकडून आंबा घेतो. आंबा मात्र कोणाच्या चौकशीसाठी थांबत नाही. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ म्हणतात ते असे.

परंतु याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तीन वेळा खोटा इशारा पाहिलेला मनुष्य चौथ्या वेळी खऱ्या इशाऱ्यासही जुमानीत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते; तीत मेंढपाळाच्या पोराचे हसे झाले, पण गेली ती मेंढरे. काही सेवा केंद्रांतून व कार्यालयांतूनही ‘तसे येतेच, खाली पुढे जा म्हणून आहे ते दाबा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्या दिवसाचे काम होऊनही जाते. मात्र त्या एका वाक्याने शेतकऱ्यास लावलेली सवय पुढे बनावट संकेतस्थळावरही त्याचे बोट त्याच जागी नेते. जो इशारा त्याला वाचविणार होता, तो त्याने पूर्वीच रद्द केलेला असतो.

दुसरी सवय याच्या उलट आहे. एकदा लाल पडदा दिसला की, ते संकेतस्थळ कायमचे वाईट, असे धरून चालणे. मावा खाऊन पिकाचे रक्षण करणारी ढालकिड्याची अळी दिसावयास ओबडधोबड असते. अनोळखी नजरेस तीच कीड वाटते, आणि शेतकरी आपल्याच मित्रावर औषध फवारतो. ओळख पटविल्यावाचून फवारणी करू नये, हा नियम येथेही पाळावयास हवा.

शेतकरी बंधूंनी घ्यावयाची काळजी

इशारा दिसताच खालील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. प्रथम मोबाईलची तारीख व वेळ पाहावी. ती चुकीची असल्यास दुरुस्त करून पान पुन्हा उघडावे. अनेक वेळा एवढ्यानेच काम भागते.

२. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अलीकडील नाव पाहावे व ते उजवीकडून डावीकडे तपासावे. केंद्र व राज्य शासनाच्या बहुतेक संकेतस्थळांच्या नावाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. ही अक्षरे नावाच्या मध्यभागी असून शेवटी दुसरेच काही असेल, तर ते शासनाचे संकेतस्थळ नव्हे. खाजगी कंपन्यांच्या व संस्थांच्या नावाचा शेवट वेगळा असतो. तेथे संस्थेच्या पावतीवर किंवा पत्रावर छापलेल्या पत्त्याशी ताडून पाहावे. कोणी पाठविलेल्या लिंकवर विसंबू नये.

३. इशारा कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे. प्रमाणपत्राचा इशारा असल्यास दुसऱ्या, शक्यतो नव्या मोबाईलवर व दुसऱ्या इंटरनेट जोडणीवर तेच पान उघडून पाहावे. तेथे ते विनाइशारा उघडले, तर दोष बहुधा आपल्या साधनाचा किंवा जोडणीचा आहे. संपूर्ण लाल पडद्याचा इशारा मात्र अधिक गंभीर समजावा आणि तेथेच थांबावे.

४. इशारा दिसत असेपर्यंत आधार क्रमांक, बँक खाते, पासवर्ड किंवा ओटीपी मुळीच भरू नये. ही बाब कोणाच्याही आग्रहाने मोडू नये. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल मोबाईलमध्ये बसविण्यासाठी सुरक्षेची व्यवस्था बंद करावयास सांगितले जात असेल, तर ती फसवणूकच समजावी.

५. अर्जाचे काम शेवटच्या दिवसावर टाकू नये. चार दिवस हाताशी असतील, तर चुकीच्या इशाऱ्याचे कारण शोधता येते अथवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा सेवा केंद्रात जाऊन दुसऱ्या मार्गाने अर्ज करता येतो. योजनेच्या खऱ्या पत्त्याविषयी शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारणा करता येते.

६. पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

संस्थांची व कंपन्यांची जबाबदारी

ज्या संस्था स्वतःचे संकेतस्थळ चालवितात, त्यांनी इशाऱ्याबद्दल केवळ त्रागा करून चालणार नाही. ज्याला मालक चुकीचा इशारा समजतो, तो अनेकदा खरा असतो. संकेतस्थळाची प्रणाली वर्षानुवर्षे अद्ययावत न केल्यामुळे घुसखोर आत शिरतो व एखाद्या कोपऱ्यात बँकेचे बनावट पान उभारतो. मालकास आपले दर्शनी पान नेहमीसारखे दिसते; चाळणीस मात्र ते कोपऱ्यातील पान दिसते. म्हणून प्रथम तज्ज्ञाकडून संपूर्ण स्वच्छता करून घ्यावी आणि मगच फेरतपासणीची विनंती करावी. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सुविधेत संस्थेने आपले नाव आगाऊ नोंदवून ठेवले असेल, तर ठपक्याचे कारण तेथे कळते व तेथूनच विनंती करता येते. फसवणुकीच्या आरोपाची फेरतपासणी साधारणतः एका दिवसात, घातक फाइलींच्या आरोपाची काही दिवसांत, तर घुसखोराने भरलेल्या अनाहूत पानांची काही आठवड्यांत होते. तात्पुरती सफाई करून पुन्हा पुन्हा तोच दोष घडू देणाऱ्या संकेतस्थळास ३० दिवसांपर्यंत विनंतीच करता येत नाही.

प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाकडे तर विशेष लक्ष पुरविले पाहिजे. सप्टेंबर २०२० पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांची झाली. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस अशी उतरत जावयाची आहे. वर्षातून एकदा कोणास तरी आठवण करून देण्याची पद्धत यापुढे टिकणार नाही. नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था संस्थेने आताच करून घ्यावी. तसेच सामाईक नावाखाली फुकट पान घेण्यापेक्षा थोडा खर्च सोसून स्वतःचे स्वतंत्र नाव घ्यावे. म्हणजे शेजाऱ्याच्या पापाचे धनी व्हावे लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, आपले संकेतस्थळ चुकीने अडविले गेले असता ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा’ असा निरोप ग्राहकांस किंवा सभासदांस कधीही धाडू नये. ‘संकेतस्थळात अडचण आहे, ती दूर होईपर्यंत दूरध्वनीवरून मागणी नोंदवावी’ असे कळवावे. चार मागण्या कमी आल्या तरी चालेल. आपल्याच सभासदांस निष्काळजीपणाचा धडा देण्यापेक्षा ते बरे.

राखणदाराचेही कर्तव्य

चाळण्या चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडूनही काही अपेक्षा करणे रास्त आहे. एका यादीतील एका नोंदीने तीन-तीन ब्राउझरांची दारे एकदम बंद होतात. असा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने ठपक्याचे कारण स्पष्ट शब्दांत, मालकास समजेल अशा भाषेत कळविले पाहिजे. लहान संस्थेची बाजू ऐकणारा जबाबदार माणूस नेमला पाहिजे. आणि चूक आढळल्यास दार तितक्याच वेगाने उघडले पाहिजे. आधी शिक्षा व मग चौकशी ही रीत फसवणुकीच्या तातडीपुढे काही वेळा टाळता येत नाही, हे खरे; पण मग चौकशी तरी त्वरित व्हावयास हवी. नाशवंत मालाच्या व्यापाऱ्यास आठवडा म्हणजे अर्धा हंगाम असतो.

इशारा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्याची उलटतपासणी करावी व मग निर्णय आपल्या बुद्धीने करावा. बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती पाहणारा, दुकानदाराच्या शब्दावर विसंबून न राहणारा शेतकरी ही तपासणी करण्यास पूर्णपणे समर्थ आहे. तारीख पाहणे, नाव वाचणे, दुसऱ्या साधनावर पडताळणे आणि खात्री होईपर्यंत ओटीपी हातचा न सोडणे, या चार गोष्टी घरातील शाळकरी मुलासही सहज शिकविता येतील. प्रत्येक गावातील शेतकरी मंडळाने आपल्या पुढील बैठकीत अर्धा तास या कामासाठी काढावा आणि जी संकेतस्थळे गावाच्या नित्य उपयोगाची आहेत, त्यांचे खरे पत्ते ठळक अक्षरांत लिहून चावडीवर लावावेत.